आधी सम सापडू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची चर्चा सुरू होते आणि साठी ओलांडलेली बरीच मंडळी ‘यंदा शास्त्रीय ऐकायचेच’ असे मनावर घेतात. त्यांतली पुष्कळशी संक्रांतीपर्यंत पुन्हा भावगीतांकडे परतलेली असतात. कान तयार नाही, असे तेच स्वतःला सांगतात. खरे तर बहुतेकांची सुरुवातच चुकीच्या टोकाने झालेली असते.

रसग्रहण वर्गांत पहिल्याच दिवशी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचे दहा थाट (रागांचे गट) फळ्यावर येतात. वर्गीकरण म्हणून ते ठीक, पण नव्या श्रोत्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आधी ताल धरावा, आणि तोही एकच: तीनताल. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा बोटांवर मोजत बसण्यापेक्षा डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या वाद्याकडे, कान लावावा. दहाव्या मात्रेला त्याची घुमक थांबते, चौदाव्या मात्रेला ती परत येते आणि तिथून तीन मात्रांनी सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची (तालाच्या फेऱ्याची) पहिली मात्रा. मध्यलयीच्या बंदिशीत दर आठ-दहा सेकंदांनी हे घडते, त्यामुळे चार-सहा आवर्तनांत मान आपोआप समेवर हलू लागते.

नेमका इथेच मोबाइल दगा देतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. डग्ग्याची घुमक जाते, तानपुऱ्याचा खर्ज जातो, उरते ती चाटेची, म्हणजे तबल्याच्या कडेची, टिकटिक. मग काल (डग्गा थांबतो तो भाग) कुठे आणि भरी (तो घुमतो तो भाग) कुठे, हे कळणार कसे? बऱ्यापैकी हेडफोन किंवा घरात धूळ खात पडलेली म्युझिक सिस्टीम वापरावी.

बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश रंगणारे गायन, अंगावर येतो तो विलंबित (संथ) एकतालामुळे. मात्रा बाराच, पण प्रत्येकीचे चार भाग पडून एक आवर्तन मिनिटभर चालते. त्यात ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्याच्या मागून ‘तू ना’ येते, कोरडे, डग्ग्याविना. दुसऱ्याच्या मागून ‘धी ना’ येते आणि त्यातला ‘धी’ घुमतो. म्हणजे दुसरे तिरकिट, मग धी, मग ना, की सम आलीच. गायक मुखडाही (समेवर येणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) बहुधा बाराव्या मात्रेच्या आसपासच उचलतो. एवढे सापडले की पाऊण तासाचा ख्याल लांबलेला वाटत नाही.

रागांचे म्हणाल तर महिनाभर यमन पुरे. मराठी कानात तो आधीच आहे. ‘स्वयंवर’ (१९१६) या संगीत नाटकातले, भास्करबुवा बखल्यांनी चाल दिलेले ‘नाथ हा माझा’ यमनातलेच. ते चार वेळा ऐकावे, मग यमनातला एखादा छोटा ख्याल, मग बडा. षड्ज (सा) टाळून ‘नि रे ग’ असे चढणे आणि तो तीव्र मध्यम (चढा ‘म’), या दोनच खुणा शोधाव्यात. त्यानंतर भूप. ‘गीतरामायणा’तले पहिलेच गीत भूपातले आहे. यात मध्यम आणि निषाद (नि) वर्ज्य. यमन मुरला असेल तर त्यांची अनुपस्थितीच भूपाची ओळख पटवते. याच पाच स्वरांचा देसकार किंवा मारवा, पूरिया आणि सोहनी ही तिळी भावंडे पहिल्या वर्षी दूर ठेवावीत. राग ओळखण्याच्या नादात गाणे ऐकायचे राहून जाते. (‘झोपेसाठी राग’ छापाच्या इंटरनेटवरच्या याद्यांबद्दल न बोललेलेच बरे.)

कोणाला ऐकावे? हिराबाई बडोदेकर, नारायणराव व्यास यांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. त्यात पाल्हाळाला जागाच नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूरांची लय वाहती, सम लवकर हाती लागते, पण राग बरेचदा अनवट, क्वचित ऐकू येणारे. अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल मात्र घाईने काढू नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. ही यंत्रे बोलणे स्पष्ट करण्यासाठी बेतलेली असतात. तानपुऱ्याचा अखंड नाद त्यांना गोंगाट वाटतो, म्हणून ती तो दाबतात. लांब धरलेला षड्ज त्यांना स्वतःचीच शिटी वाटते. यंत्र ती शिटी मारायला गेले की सूर थरथरतो आणि गायक बेसूर असल्याचा भास होतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागून घ्यावा. त्यात गोंगाट दाबणे बंद, शिटी रोखणे शक्य तितके सौम्य आणि आवाजाचे चढउतार सपाट करणे कमी, एवढे सांगितले तरी पुरते. सभागृहात स्पीकरच्या भिंतीसमोर न बसता मधल्या रांगा गाठाव्यात. महोत्सवात दिवसाला दोन कलाकार मन लावून ऐकले तरी खूप झाले.

आता आपल्याकडे एक मागणे. मैफलीच्या बातम्यांत दीपप्रज्वलन कोणी केले, सत्कार कोणाचा झाला हे तपशिलाने येते आणि गायनाच्या वाट्याला ‘रसिक मंत्रमुग्ध’ एवढेच. त्या जागेत राग, ताल, बंदिशीचे शब्द आणि तबला-संवादिनीच्या साथीदारांची नावे छापावीत. दोन ओळी लागतात. तो राग दुसऱ्या दिवशी घरी शोधून पुन्हा ऐकणारा वाचक आपल्याकडे नक्की आहे.

आपला,
एक वाचक, पुणे