इंजिन खोलण्याआधी दाब मोजा

संपादक महोदय,

कुंभार्ली घाटात गाडी ओढत नाही म्हटले की हल्ली सरळ इंजिन खोलायचा सल्ला मिळतो. गाडीवाल्यावर हा अन्याय आहे. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा! पेट्रोल इंजिन गरम करून सगळे स्पार्क प्लग काढावेत, इंधन व स्पार्क बंद करावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेका सिलिंडरला दाब मोजायचे गेज लावून स्टार्टर मारावा. आकडा किती हवा ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका. एखाद्याचा दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावा. चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेला; नाही चढला तर संशय व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरच्या झडपांवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडले असतील तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) गेलेले.

आमच्या चिपळुणात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. २२ जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना स्टार्टर मारला की पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकू शकतो. मग पिस्टन पुरता वर येत नाही, दाब कमीच राहतो, ऑइलनेही फारसा चढत नाही आणि दोष उगाच व्हॉल्व्हवर येतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

गॅरेजवाल्यांनी सगळे आकडे ग्राहकासमोर कागदावर लिहून द्यावेत, आणि ग्राहकांनीही ते मागून घ्यावेत.

– एक गॅरेजचालक, चिपळूण