महाविद्यालयीन सहलींची आखणी घड्याळ पाहून व्हावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की गोव्यातील महाविद्यालयांना सहलींचे वेध लागतात. यंदाची संमतिपत्रे घरोघरी पोहोचण्यापूर्वी पालक, प्राध्यापक आणि उच्च शिक्षण संचालनालय यांच्यापुढे एक गोष्ट मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. डोंगर आणि समुद्र एकाच सहलीत घेताना आपण स्थळे मोजतो, तास मोजत नाही. आणि सकाळी घाटात झालेला उशीर संध्याकाळी किनाऱ्यावर मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी ज्या सहलीला गेली, ती दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी आंबोली, मुक्कामाला मालवण, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग आणि परतीच्या वाटेवर वेंगुर्ला व रेडी, असा बेत पत्रकावर छापला होता. कोणत्या ठिकाणी किती वाजता पोहोचायचे, दुपारचे जेवण कोठे, अंधार पडण्यापूर्वी कोणता टप्पा पार झालाच पाहिजे, याचा त्यात एकही आकडा नव्हता. पहाटे पाचला सुटणारी बस साडेसातला सुटली, कारण ठरलेल्या गाडीऐवजी आयत्या वेळी दुसरी, कमी आसनांची गाडी आली आणि उरलेल्या मुलांसाठी जीप शोधावी लागली. आंबोलीत पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. जेवण आधी सांगून ठेवलेले नसल्यामुळे पन्नासेक मुलांची पंगत एका लहान खानावळीत टप्प्याटप्प्याने उठेपर्यंत साडेतीन झाले. त्यानंतर कावळेसादच्या कड्यावर घाईघाईने छायाचित्रे काढून मंडळी निघाली आणि हिरण्यकेशीचे मंदिर राहून गेले.

सहल विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची होती, म्हणून या गोष्टीची मला विशेष खंत वाटते. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात आढळणाऱ्या एका छोट्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीपर्यंत जाऊन प्राणिशास्त्राची मुले त्या कुंडापाशी अर्धा तास थांबू शकत नसतील, तर त्या सहलीला शैक्षणिक म्हणणे मला पटत नाही.

पुढचा भाग अधिक गंभीर आहे. डिसेंबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. आंबोलीचा घाट उतरून दाणोली, सावंतवाडी, कुडाळ करीत मालवण गाठायला बसला अडीच-तीन तास लागतातच. धुक्यात घाट उतरून रात्री नऊच्या सुमारास बस मुक्कामी पोहोचली, आणि दिवसभर समुद्राची वाट पाहिलेली मुले सामान खोलीत टाकून थेट पाण्याकडे धावली. सोबतचे दोन प्राध्यापक खोल्यांची वाटणी आणि रात्रीचे जेवण यांत गुंतले होते. अंधारात कमरेएवढ्या पाण्यात गेलेल्या मुलांना स्थानिक मच्छीमारांनी हाका मारून बाहेर बोलावले. त्या अनोळखी माणसांचे उपकार आम्ही पालक कधीही विसरणार नाही. महाविद्यालयाच्या लेखी मात्र सहल सुखरूप पार पडली, त्यामुळे पुढच्या वर्षी याच पद्धतीने आखणी होईल, ही माझी भीती आहे.

ही भीती अनाठायी नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जणांचा बळी गेला. डोंगराकडची बाजूही तितकीच दुःखद आहे. जून २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशात धरणाचे पाणी सोडल्यामुळे हैदराबादचे २४ विद्यार्थी बियास नदीतून वाहून गेले, आणि जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे होते हे मी जाणतो; पण अनोळखी पाण्यात किंवा घाटात मोठा गट नेताना आधी काय विचारायला हवे, हे या घटना सांगतात.

गोव्यातील मुलांना समुद्र ठाऊकच असतो, असे आपण गृहीत धरतो. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांतील कितीतरी मुले वर्षातून एखाद्या वेळी किनारा पाहतात. शिवाय २००८ पासून आपल्या प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक तैनात असल्यामुळे, शिट्टी वाजली की बाहेर यायचे, एवढीच सवय आपल्याला लागली आहे. ही सोय गोव्यातही दिवसभरापुरती असते, आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील प्रत्येक किनाऱ्यावर ती मिळेलच असे नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाण्याची ओढ किती असते, हे तेथील कोणताही होडीवाला सांगेल. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. हा हिशेब पंचांगावरून आजोबाही करीत असत. आता तर हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे इशारे देते आणि पणजीचे हवामान केंद्र पावसाचे अंदाज जाहीर करते. सहलीची तारीख ठरवताना हे पाहायला कितीसा वेळ लागतो?

चालकाचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तासांचे असावे आणि सलग ५ तासांनंतर त्याला किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, अशी तरतूद होती; २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आमच्या मुलांच्या बसवर एकच चालक होता. पहिल्या दिवशी तो सकाळी साडेसातपासून रात्री नऊपर्यंत गाडीपाशी होता आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घरी सोडेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. होडीच्या रांगेत सकाळ गेल्यामुळे किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी धावतपळत पाहिल्या गेल्या आणि रेडीला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता, तरी ठरल्याप्रमाणे तेथे थांबण्याचा आग्रह धरला गेला. यादीतील एक नाव गाळण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेच ठरलेले नव्हते. थकलेल्या चालकाच्या हाती पन्नास कुटुंबांची मुले सोपवून आपण रेडी पाहिल्याचे समाधान मानायचे का?

पालकांकडून जे हमीपत्र भरून घेतले जाते, त्यात 'कोणत्याही दुर्घटनेस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही' असे वाक्य असते. अशा वाक्यावर सही घेतल्याने काळजी घेण्याचे कर्तव्य संपते, असे कोणत्याही प्राचार्यांनी मानू नये. पालकांनीही सही करण्यापूर्वी तासांसह लिहिलेले वेळापत्रक, वाहनाच्या परवान्याची व विम्याची प्रत आणि दुसऱ्या चालकाची हमी मागावी. मुलींसोबत प्राध्यापिका आहेत का, हेही विचारावे. ते विचारण्यात संकोच कशाचा?

सहली बंद कराव्यात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कुलूप लावण्याचा सोपा मार्ग संस्थांनी पत्करू नये. मुलांनी आंबोलीही पाहावी आणि मालवणही पाहावे, फक्त दोन दिवसांत दोन्ही बसत नसेल तर एकच निवडावे आणि ते नीट पाहावे. सहलप्रमुखांनी एखाद्या रविवारी तोच मार्ग आधी जाऊन पाहावा, जेवणाची व मुक्कामाची ठिकाणे पक्की करावीत, आणि दुपारी दोनपर्यंत पहिला टप्पा पूर्ण झाला नाही तर कोणते स्थळ वगळायचे हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे. सूर्यास्तानंतर कोणीही पाण्यात उतरणार नाही, हा नियम बसमध्ये बसल्यावर सांगण्याऐवजी वर्गात, कारणासह समजावून सांगावा. पर्वरी येथील उच्च शिक्षण संचालनालयाने तासनिहाय वेळापत्रक आणि पूर्वपाहणीचा अहवाल जोडल्याशिवाय कोणत्याही सहलीला मंजुरी देऊ नये, अशा आशयाचे परिपत्रक डिसेंबरच्या सहली निघण्यापूर्वी सर्व महाविद्यालयांना पाठवावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, डिचोली