आधी आजोबांचा फोन बघ

प्रिय स्वाती,

अर्णवने फोनवर नको ते बघू नये म्हणून काय करू, असं विचारलेला तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसले. अगं तुझ्या फोनला लॉक आहे ते ठीकच, पण अर्णव शाळेतून आला की संध्याकाळपर्यंत असतो कुणाजवळ तर आजोबांजवळ, आणि त्यांचा फोन सताड उघडा, यूट्यूब त्यांच्याच अकाउंटवर चालू, वर यूपीआयपण त्यातच! म्हणून सुरुवात तिथून कर.

त्यावर यूट्यूब किड्स टाक आणि त्यात तू स्वतः निवडलेलीच चॅनल दिसतील अशी सेटिंग ठेव, म्हणजे सर्च आपोआप बंद होतं. नुसत्या फिल्टरच्या भरवशावर राहू नको. 2017 मध्ये ओळखीची कार्टून वापरून केलेले भयानक व्हिडिओ यूट्यूब किड्सवरसुद्धा सापडले होते. मग अँड्रॉइडच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन अ‍ॅप पिन करायची, म्हणजे स्क्रीनवर एकच अ‍ॅप अडकवून ठेवायची सोय चालू कर, आणि बाहेर पडताना फोनच्या लॉकचा पिन नंबर मागायचा पर्यायही चालू ठेव, मग तो नंबर टाकल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. प्ले स्टोअरवर खरेदीला पासवर्ड लाव. जुना टॅब अर्णवलाच देणार असशील तर त्यावर गूगलचं फॅमिली लिंक लाव, पालकांसाठीचं अ‍ॅप आहे ते, फुकट आहे, वेळ ठरवता येते आणि नवीन अ‍ॅपला तुझी परवानगी लागते. वेळेचं म्हणशील तर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 2 तासांपेक्षा कमी सांगितलंय.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मागे ओवी डायनिंग टेबलवर बसून बघत होती, एक व्हिडिओ संपून दुसरा लागला, त्यात बाहुलीचे हात कापत होते. तिने फोन पालथा ठेवला आणि किचनमध्ये येऊन म्हणाली, आई काहीतरी घाण लागलंय. मी पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला, म्हटलं चल दाखव. दोघींनी मिळून तीन टिंबं दाबून ते चॅनल ब्लॉक केलं आणि वर तिला दुसरं काहीतरी लावून दिलं. फोन काढून घेतला नाही, कारण आपण काही सांगितलं तर फोन जातो हे पोरांना एकदा कळलं ना की पुढच्या वेळी ती गप्प बसतात, आणि मला तर तेच गप्प बसणं सगळ्यात धोक्याचं वाटतं. आजोबांनाही हे नीट समजाव, ते घाबरून ओरडतील.

हेडफोन मात्र अजिबात नको, आवाज हॉलमध्ये ऐकू आला पाहिजे.

आणि अर्णव त्याच्या दादाबरोबर जो गेम खेळतो त्यात चॅट आहे का बघ, असेल तर बंद कर. अनोळखी कुणी फोटो, शाळेचं नाव असलं काही मागितलं तर चॅट डिलीट करू नको, आधी स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर आणि 1098 ला फोन लाव, मुलांसाठीचीच हेल्पलाइन आहे ती. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर 1930 ही सायबर हेल्पलाइन, आणि तो फोन लगेच.

शनिवारी सासऱ्यांना जवळ बसवून व्हिडिओ कॉल कर, मी एकेक सेटिंग सांगते.

तुझी,
मीनल