पिल्लू नको, ती नऊ वर्षांची भाटीच आण

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मांजर पाळायचा विचार तू फोनवर सांगितलास तेव्हा मी लगेच उत्तर दिले नाही, कारण पिल्लू घ्यावे की मुंबईला मुलाकडे निघालेल्या त्या आजींची नऊ वर्षांची भाटी, म्हणजे मांजरी, घ्यावी, याबद्दल मला सावकाश लिहायचे होते. माझे मत असे की ती भाटीच आण.

रत्नागिरीत तू एकटी राहतेस आणि सकाळी कामावर गेलीस की संध्याकाळीच परततेस. पिल्लाला हे मानवणार नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने त्याच्या लसी चालू असतात, दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत ते दिसेल ते चावत सुटते, आणि मादी असली तर चार-पाच महिन्यांची होताच गाभणही राहू शकते. शिवाय ते पुढे कोणत्या स्वभावाचे निघेल, हे कोणालाच सांगता येत नाही. या भाटीचे सारे काही आजींना विचारता येईल: तिला उचलून घेतलेले चालते का, परक्या माणसाला ती बिचकते का, शस्त्रक्रिया झाली आहे का, वाळूच्या ट्रेची सवय आहे का. मोठे मांजर दिवसाचा बराच वेळ झोपून काढते, त्यामुळे तू घरी नसताना तिचे फारसे अडणार नाही.

आपल्याकडे घराला कुलूप लागले की मागे राहते ते बहुधा असे वयस्क मांजर. ज्याला जन्मभर पडवीत आयते ताट मिळाले, त्याला उतारवयात शिकार करून पोट भरणे जमत नाही. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे ऐन पावसात बंदरावरचे तुकडेही मिळेनासे होतात. अशा मांजराचे आता किती दिवस उरले, असे म्हणून लोक त्याला घेत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. घरात राहणारी, नीट खाणारी मांजरे बारा ते पंधरा वर्षे जगतात आणि काही तर विशीपर्यंत पोचतात. म्हणजे या भाटीला अजून बरीच वर्षे मिळू शकतात, आणि ती तुझ्याकडे सुखाने जावीत.

खर्चाचेही स्पष्ट सांगते. या वयानंतर मांजरांना मूत्रपिंडाचे आणि दातांचे विकार पुष्कळदा होतात. मांजर दुखणे लपवते, म्हणून ती पाणी जास्त पिऊ लागली, लघवी वाढली किंवा वजन उतरले, तर थांबू नकोस. एरवीही सहा महिन्यांनी तिला डॉक्टरांना दाखवून रक्त-लघवी तपासून घे. सांधे आखडल्यामुळे उंच उडी मारणे तिला जड जाईल, तेव्हा ट्रे कमी काठाचा घे. मात्र माणसांची पॅरासिटामॉल तिला चुकूनही देऊ नकोस, मांजराला ती जीवघेणी ठरते.

आपल्या सवयीने तिला सुकट किंवा खारवलेला बांगडा घालू नकोस. त्यातले मीठ तिला बाधेल. दूधही मोठ्या मांजरांना सहसा पचत नाही. नुसत्या मासे-भातातून तिला लागणारे सगळे घटक मिळत नाहीत, म्हणून मांजरांचे तयार खाद्यच मुख्य ठेव आणि उकडलेला, काटे काढलेला मासा कधीतरी वर दे. आजी आता जे खायला घालतात तेच सुरुवातीला चालू ठेवून आठवडाभरात हळूहळू बदल.

आणशील तेव्हा तिची गोधडी न धुता सोबत घे, म्हणजे ओळखीचा वास राहील. आधी एकाच खोलीत ठेव. ती खाटेखाली जाऊन बसली तर ओढून काढू नकोस. काहींना रुळायला दोन दिवस लागतात, काहींना महिना.

गणपतीला तू येशील तेव्हा तिला गाडीतून आणण्यापेक्षा तिथेच राहू दे आणि दोन वेळ खाणे-पाणी पाहणारे कोणी आजपासूनच शोधून ठेव. कोणी मिळाले नाही तर मला कळव, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बाबा येऊन राहतील, असे ते म्हणाले आहेत.

तुझी,
आई