इकॉलॉजीचा प्राध्यापक मुलाखतीत नदीकाठी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

प्राध्यापक भरतीच्या जाहिराती पेपरात पुन्हा दिसायला लागल्यात, त्यावरून लिहितोय. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र अशी एका शब्दात जागा असते, पुढं नेट-सेट, पीएचडी, आरक्षण वगैरे. इकॉलॉजी, म्हणजे सजीवांचं एकमेकांशी आणि परिसराशी असलेलं नातं, शिकवणारा माणूस हवाय का, तो पोरांना घेऊन बाहेर पडणार का, ह्याचा जाहिरातीत कुठं पत्ताच नसतो. मग होतं काय, आयुष्यभर लॅबमध्ये टिश्यू कल्चर केलेला माणूस येतो, माणूस हुशार असतो त्याबद्दल वाद नाही, पण इकॉलॉजीचा पेपर त्याच्या गळ्यात पडतो आणि अन्नसाखळीची आकृती फळ्यावर काढली की युनिट संपलं.

मी इथल्याच एका कॉलेजातून झूलॉजीत बीएस्सी केलं. आमची फील्ड व्हिजिट म्हणजे दाजीपूरला बस, गेटवर ग्रुप फोटो, जेवण आणि अंधार पडायच्या आत परत. वही कुणी उघडली नाही, उघडायला कुणी सांगितलंही नाही.

आणि हे कोल्हापुरात व्हावं ह्याचं जास्त वाईट वाटतं. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं दाजीपूरचं जंगल आपल्याकडं, आज ते राधानगरी अभयारण्याचा भाग आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. पन्हाळ्याजवळ मसाई पठार, पाऊस ओसरला की नुसतं फुलांनी भरतं. शहरातच रंकाळा तलाव. आणि पंचगंगा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मेलेले मासे तरंगतात आणि तुमच्याच पेपरात फोटो येतो.

हे मासे का मरतात ते पोरांना नदीवरच कळतं. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत अभ्यासक्रमात आहेच. काचेची बाटली पाण्यात धरून बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तळाशी सोडायचं, बूच लावून उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ धरतो, नसेल तर गाळ पांढराच राहतो. ही रसायनं काठावरच घालावी लागतात, कारण बाटली तशीच गाडीत टाकून लॅबला आणली तर वाटेत आकडा बदलतो. पांढरा गाळ हातात धरलेलं पोरगं नदीबद्दल पुढं जे बोलेल ते ऐकीव नसेल. पण काठावर उभं राहून हे करून दाखवणारे सर किंवा मॅडम पाहिजेत ना!

दुसरी अडचण सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीची. मानधन तासावर, ऑर्डर एका वर्षापुरती, पुढच्या जूनला परत इंटरव्ह्यू. अशा माणसानं सकाळी सहाला पठारावर जाऊन क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकट) टाकून रोपं मोजायची कुणाच्या भरवशावर? इकॉलॉजीचं संशोधन एका सीझनचं नसतंच, तीच जागा, तोच महिना, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. अमेरिकेत हबर्ड ब्रुकच्या जंगलात 1963 पासून पावसाचं आणि ओढ्याचं पाणी मोजत राहिले म्हणून आम्लपावसाचा पुरावा हातात आला. आपल्याकडं 2019 ला महापूर आला, 2021 ला परत आला. पुराआधी कुठल्या घाटाजवळ कुठले मासे, किती गोगलगायी होत्या ह्याची सलग नोंद एखाद्या डिपार्टमेंटकडं असती तर पुरानं नदीत काय बदललं ते सांगता आलं असतं. बीएस्सीची नवी बॅच दरवर्षी येतेच, नोंद चालू ठेवायला हात कमी नाहीत, फक्त धरून ठेवणारा एक कायम माणूस लागतो.

म्हणून संस्थाचालकांना आणि निवड समितीत बसणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की जाहिरातीत इकॉलॉजी आणि फील्डवर्क हे शब्द स्पष्ट घाला, आणि इंटरव्ह्यूला केबिनमध्ये बसवून प्रश्न विचारून भागवू नका. डेमो लेक्चर घ्यायला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात वाव आहे, तर तो डेमो पंचगंगा घाटावर किंवा रंकाळ्यावर घ्या. चार-पाच पोरं सोबत द्या, दोन तास द्या. उमेदवार चिखलात उतरतो का, पोरांना प्रश्न पाडतो का, नाव न कळणारा किडा दिसला तर काय करतो, हे बघा. पब्लिकेशनची यादी नंतर वाचा.

नेमणूक झाल्यावरही फील्डचा अर्धा दिवस वर्कलोडमध्ये धरा, नाहीतर चांगला माणूससुद्धा दोन वर्षांत नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत बुडतो. गाडीचं भाडं, दुर्बिणी, जाळी, रसायनं ह्याला खर्च फार नाही, गॅदरिंगच्या मांडवापेक्षा कमीच येईल. नव्या शैक्षणिक धोरणात डिग्रीच्या पोरांना फील्ड प्रोजेक्ट आलाय, त्याला क्रेडिट आहेत. 2014 ला यूजीसीनं डिसेक्शन (प्राणी चिरून बघणं) बंद केल्यापासून झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला तास पण मोकळे झालेत. ते तास चार्टवरच्या बेडकाला देण्यापेक्षा नदीला द्या.

ज्या कॉलेजांच्या मुलाखती अजून व्हायच्यात त्यांनी निदान ह्या खेपेला एक उमेदवार तरी घाटावर नेऊन बघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक माजी बीएस्सी विद्यार्थी, शिवाजी पेठ, कोल्हापूर