शिफारसपत्र कुणाकडे मागशील?

प्रिय ठमे,

सप्रेम नमस्कार वगैरे राहू दे. तुझं पत्र वाचून आधी हसले. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाच्या नाकातून जठरापर्यंत रायल्स ट्यूबची नळी घालणारी तू, आणि इंटर्नशिपच्या अर्जासाठी दोन शिफारसपत्रं मागायची म्हटली की तुझ्या पोटात गोळा येतो!

पण खरं सांगू, मलाही आला होता. म्हणून मी सरळ सगळ्यात मोठ्या खुर्चीकडे गेले. प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र हातात ठेवलं, सुंदर लेटरहेडवर. "विद्यार्थिनी मेहनती, वक्तशीर व मनमिळाऊ आहे." माझं नाव खोडून तुझं घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. बिचाऱ्यांनी मला वॉर्डात काम करताना कधी पाहिलंच नव्हतं, ते तरी काय लिहिणार?

दुसरं पत्र क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमकडे मागायचं होतं, आणि नेमकं तिथंच माझं पाऊल अडत होतं. कारण ती सिरिंज. तुला कधी सांगितलं नाही मी. इन्सुलिन एका मिलीत 40 युनिटचंही येतं आणि 100 युनिटचंही, आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी. माझ्याकडे बाटली 100 ची आणि हाताला लागली 40 ची, लाल टोपीची सिरिंज. द्यायचे होते 10 युनिट, म्हणून 10 च्या खुणेपर्यंत ओढलं. म्हणजे पाव मिली, म्हणजे प्रत्यक्षात 25 युनिट! मॅडमना तपासायला दाखवताना ट्रेमधली ती लाल टोपी डोळ्यात भरली आणि त्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "मॅडम, सिरिंज चुकलीय." पेशंटपर्यंत काही गेलं नाही, पण माझे पाय लटपटत होते. त्या ओरडल्या नाहीत. घटनेची नोंद मात्र माझ्याच हातानं लिहायला लावली.

एवढं पाहिलेली बाई माझ्याबद्दल चांगलं कशाला लिहील, असं वाटून मी आठवडा घालवला. शेवटी गेले. त्यांनी बंद लिफाफा दिला, मी तो तसाच पाठवला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: "ती लाल टोपीची गोष्ट सांगा बघू." प्राचार्यांच्या पत्राचा विषयही निघाला नाही.

तेव्हा तू तुझ्या मेडिकल वॉर्डाच्या इन्स्ट्रक्टरकडे जा. तू चुकताना आणि सावरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांच्याकडे. दुसरं पत्र सिस्टर इन्चार्जकडे माग. ड्युटी बदलताना तू हँडओव्हर कसा देतेस हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. मात्र अर्जात एक पत्र शिक्षकाचंच हवं अशी अट असते कधीकधी, ते आधी नीट वाच.

मागताना "पत्र द्याल का?" एवढंच विचारू नकोस, त्याला कुणीही हो म्हणतं. "माझ्या कामाबद्दल भरवशानं लिहिता येईल का तुम्हाला?" असं विचार. त्या जरा जरी घुटमळल्या तर आभार मानून निघ. कोमट पत्रापेक्षा पत्र नसलेलं बरं. मुदतीच्या महिनाभर आधी विचार, आणि जाताना कागद घेऊन जा: बायोडेटा, अर्जातलं तुझं निवेदन, शेवटची तारीख, पत्र कुणाच्या नावे आणि कसं पाठवायचं ते. शिवाय त्यांच्या पोस्टिंगमधले दोन-तीन प्रसंग अर्ध्या पानावर. पेशंटचं नाव, बेड नंबर काही नको हं त्यात.

आता खरी पंचाईत. "तूच लिहून आण, मी सही करते," असं त्या म्हणतील. वेळ नसतो गं त्यांना, वाईट हेतू नसतो. तरी लिहून देऊ नकोस. स्वतःबद्दल लिहायला बसलं की आपण एकतर संकोचतो, नाहीतर थेट "कर्तव्यदक्ष" होतो. शिवाय ते शब्द त्यांचे नसतात, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. तेच अर्धं पान पुढे कर आणि म्हण, "मॅडम, मुद्दे इथे आहेत, चार ओळी चालतील पण तुमच्या."

एक गंमत सांगते. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची नर्सिंगची शाळा सुरू झाली, तिथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा दर महिन्याला तक्ता भरत. वक्तशीरपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, आणि शांतपणासुद्धा! तुझं हसणं चार वॉर्ड पलीकडे ऐकू जातं. त्या रकान्यात तू पहिल्याच महिन्यात नापास झाली असतीस.

मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा हळूच आठवण कर, आणि निकाल काहीही लागो, दोघींना जाऊन सांग. मी सांगायला विसरले होते. मॅडम पुढे जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनीच विचारलं, "काय गं, झालं का?" फार ओशाळले मी.

उद्या सकाळची ड्युटी संपली की जातेस ना? काय म्हणाल्या ते लगेच कळव.

तुझीच,
लाल टोपीवाली