तुझ्या नोकरीबद्दल

न्यूर्नबर्ग, जर्मनी

प्रिय लहान्या,

तुझा मेसेज वाचला. फोनवर घाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ‘तुझ्यात पॅशन दिसत नाही’, आणि तू लगेच मायक्रोफायनान्सची, छोट्या कर्जांची ती नोकरी सोडायला निघालास! अरे, हिशेबात तू रुपयाचा फरक येऊ देत नाहीस, बचत गटाच्या बायांशी नीट बोलतोस. पगार त्याचाच असतो.

आमच्या वॉर्डात एक जुनी नर्स आहे. सेवा, ध्यास असले शब्द तिच्या तोंडी कधी नसतात. पण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कूस बदलून देताना ती दरवेळी टाच उचलून बघते, लाल दिसली तर बोटाने दाबते. दाबूनही लाली गेली नाही, तर तिथे जखम धरतेय असं समजायचं. रात्री तीनलाही ती हे चुकवत नाही. उद्या मी आजारी पडले तर मला तीच हवी.

आणि बाबा? शेतीची आवड आहे का, असं त्यांना कोणी कधी विचारलं? तरी दहिवर सुकल्याशिवाय ते वेचणीला हात लावू देत नाहीत. ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी खरेदी केंद्र, कापूस घेत नाही, हे खरंच. पण खेडा खरेदीत, गावातच व्यापाऱ्याला द्यायचा असला तरी कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, ते वेगळीच काढतात.

कामात जीव रमला तर चांगलंच आहे, मलाही कधी कधी रमतो. पण तो आपल्या मनाचा भाग. साहेब तो मागायला लागले की काय होतं, ते तूच लिहिलंस: रात्री नऊपर्यंत वसुली, रविवारी मीटिंग, जादा पैशांचं नाव नाही. मायक्रोफायनान्सच्या २०२२ च्या नियमांत रिझर्व्ह बँकेने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करायलाही मनाई केली आहे. मग रात्री कोणाच्या दारात उभं राहायला तुला पॅशन हवी? ती तुझ्यात नाही, याचा मला अभिमान वाटतो.

सोडायचीच तर या रात्रीच्या वसुलीपायी सोड, मी पाठीशी आहे. आवड नाही म्हणून सोडू नको. दुसरी मिळेपर्यंत घरखर्चाचं मी बघते.

आईला सांग, पैसे शुक्रवारी पाठवते. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून मला फोटो पाठव.

तुझी,
ताई